वरच्या घराचं वॉशिंग मशीन, खालच्या घराचं छत

वाचकाचं पत्र

ठाण्यात सात मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. नऊ दिवसांपूर्वी शनिवारी पहाटे हॉलच्या पंख्याच्या पॉइंटमधून पाणी ठिबकायला लागलं. तासाभरात हॉल आणि स्वयंपाकघराचं फॉल्स सीलिंग फुगलं, बेडरूममधलं कपाटही भिजलं. तिसऱ्या मजल्यावर भाडेकरू राहतात. ते शुक्रवारी रात्रीच गावी गेले होते, घराला कुलूप. वॉचमनने गच्चीवर जाऊन नेमका कॉक शोधेपर्यंत आणखी दोन तास गेले. घर उघडल्यावर कळलं की ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचा पाइप नळावरून निसटला होता.

भाडेकरू म्हणतात, मशीन मालकांचं आहे आणि पाइप दोन महिन्यांपूर्वी मेकॅनिकने बसवला. मालक बंगळुरूला असतात. ते म्हणतात, नळ उघडा टाकून भाडेकरू गेले, त्यांनीच भरावं. सेक्रेटरी म्हणतात, ही अंतर्गत गळती आहे, सोसायटीचा संबंध नाही, पन्नास-पन्नास करून मिटवा. आमच्या कंत्राटदाराने १,४६,००० रुपयांचा अंदाज दिला आहे: पूर्ण घराचा रंग ६२,०००, फॉल्स सीलिंग २८,०००, नवं कपाट ४२,०००, वायरिंग तपासणी ६,०००, साफसफाई आणि मलबा ८,०००. रंग तीन वर्षांपूर्वी दिला होता, कपाट नऊ वर्षांचं आहे. बेडरूमच्या बाथरूमकडच्या भिंतीला गेल्या पावसाळ्यापासून थोडी ओल होतीच, ती आता वाढली आहे. वरच्यांशी संबंध चांगले आहेत, ते तुटू द्यायचे नाहीत. पण पैसे मागायचे कोणाकडे?

— एक वाचक, ठाणे

उत्तर

ताई,

पैसे वरच्या घराने द्यायचे. पन्नास-पन्नास तुम्ही मान्य करू नका. पण १,४६,००० सुद्धा मागू नका, कारण त्या आकड्यात वरच्यांच्या चुकीमुळे न झालेलं नुकसानही मिसळलं आहे आणि ते पहिल्याच बैठकीत कुणीतरी दाखवून देईल. एकदा मागणीतली एक रक्कम फुगलेली निघाली की उरलेल्या खऱ्या रकमांवरही विश्वास राहत नाही.

आधी पन्नास-पन्नासबद्दल. ही पद्धत अनेक सोसायट्यांत रूढ आहे आणि ती एका ठरावीक दुखण्यासाठी आहे. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग वर्षानुवर्षांनी संपतं, पाणी स्लॅबमध्ये झिरपतं, चूक अशी कुणाचीच दाखवता येत नाही आणि स्लॅब दोन्ही घरांच्या मधला असतो; तिथे दुरुस्तीचा खर्च वाटून घेणं समजण्यासारखं आहे. तुमच्याकडे घडलं ते वेगळं. एका रात्रीत, एका ठरावीक जोडातून, वापरात असलेल्या यंत्राचं पाणी सुटलं. त्यात तुमचा सहभाग शून्य आहे. स्लॅबखाली राहणं ही चूक होत नाही.

तरीही "पाणी तुमच्या घरातून आलं, म्हणून तुम्ही भरा" एवढंच म्हणणं कायद्यात अपुरं पडतं, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. १९१३ सालचा रिकर्ड्स विरुद्ध लोथियन हा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, निवाडा याच विषयावरचा आहे. मेलबर्नच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावरचं बेसिन कुणीतरी मुद्दाम तुंबवून नळ सोडून ठेवला आणि खालच्या मजल्यावरचा माल भिजला. घरातला पाणीपुरवठा हा जागेचा नेहमीचा वापर आहे, तेव्हा निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय वरच्यावर जबाबदारी येत नाही, असं ठरलं. आपल्याकडेही अशा नुकसानभरपाईचा पाया निष्काळजीपणाच आहे. म्हणून तुमचं काम आहे तो दाखवायचं, आणि तुमच्या बाबतीत ते कठीण नाही. तीन गोष्टी बघायच्या: नळ, जोड आणि मोरीची जाळी.

नळ सर्वांत सोपा. मशीनच्या पाइपचा नळ उघडा राहिला की मशीन बंद असतानाही पाइप चोवीस तास दाबाखाली असतो. पाणी अडवून धरणारी झडप मशीनच्या आत असते, म्हणजे पाइपच्या पुढच्या टोकाला. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली आलं की साधारण एक बार दाब वाढतो. सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो सुमारे दीड बार भरेल. रात्री कुणी पाणी वापरत नाही तेव्हा हा पूर्ण दाब जोडावर बसून राहतो. जोड रात्री किंवा पहाटे सुटण्याचं एक कारण हे. मिनिटाला फक्त दहा लिटर धरले तरी तासाला ६०० लिटर होतात. चार दिवसांसाठी घर बंद करताना हा नळ फिरवणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि मशीनसोबतच्या पुस्तिकांतही वापर झाल्यावर नळ बंद करा असंच सांगितलेलं असतं. ते न करणं हा निष्काळजीपणा आहे, आणि तो वापरणाऱ्याचा, म्हणजे भाडेकरूंचा.

दुसरी गोष्ट जोड. पाइप "निसटला" असं तुम्ही लिहिलंत. पाइप फुटणं आणि निसटणं यांत फरक आहे. पाऊण इंची आट्यांच्या नळावर आट्यांची चकती फिरवून बसवलेला पाइप असा सहसा सुटत नाही. त्याचा आतला रबरी वायसर झिजून थेंब थेंब गळतो. निसटतो तो प्लास्टिकच्या अडॅप्टरचा जोड, जो साध्या गोल तोंडाच्या नळावर चार स्क्रूंनी आवळलेला असतो आणि त्यावर पाइप खटक्याने अडकवतात. स्क्रू एकसारखे आवळले नाहीत, नळाचं तोंड गुळगुळीत क्रोमचं असलं, किंवा मशीन स्पिनला हादरताना पाइप ताणला जात असला, की अडॅप्टर मिलिमीटरने सरकत राहतो आणि एक दिवस उडतो. दोन महिन्यांपूर्वी मेकॅनिकने हाच जोड बसवला असेल तर चुकीचा काही भाग त्याच्याकडे जातो. म्हणून आजच वरच्यांना सांगा: तो पाइप, अडॅप्टर, वायसर काहीही फेकू नका. पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवा. नळाच्या तोंडाचा आणि अडॅप्टरच्या चार स्क्रूंचा जवळून फोटो काढा. नवा पाइप बसला आणि जुना भंगारात गेला की मेकॅनिकचा मुद्दा पुराव्याशिवाय राहतो.

तिसऱ्या गोष्टीकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही, आणि खरं तर तीच जास्त महत्त्वाची आहे. ड्राय बाल्कनीला नाहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी निघून जाण्याचं जाळीचं तोंड, असतो आणि तिची फरशी स्वयंपाकघरापेक्षा थोडी खाली असते, ती याचसाठी. मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी मोकळ्या ट्रॅपमधून आरामात निघून जातं. मग ते उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आणि तिथून हॉलपर्यंत का गेलं? जाळीवर कपड्यांचे धागे आणि साबणाचा चिकटा बसला होता का, वर पायपुसणं किंवा मशीनचा स्टँड होता का, हे बघायला हवं. किंवा नूतनीकरणात बाल्कनीची फरशी उंच करून स्वयंपाकघराच्या पातळीला आणली आहे का? जाळी तुंबलेली असेल तर ती रोजच्या साफसफाईची बाब, म्हणजे भाडेकरूंची. फरशी उंचावली असेल किंवा ट्रॅपच बुजवला असेल तर ते काम मालकाने केलेलं किंवा करू दिलेलं, आणि तसा बदल सोसायटीच्या परवानगीशिवाय करता येत नाही. मग मालकांना "नळ तुम्ही उघडा टाकला" एवढं म्हणून सुटता येणार नाही. ट्रॅपमध्ये एक बादली पाणी ओता, किती सेकंदांत जातं ते मोबाइलवर चित्रित करा. सेक्रेटरींच्या समोर केलंत तर उत्तम.

आता मालक की भाडेकरू. तुम्ही या वादात उतरूच नका. सोसायटीच्या लेखी सभासद म्हणजे मालक. तुमचं पत्र मालकाच्या नावाने जाईल, प्रत भाडेकरूंना आणि सेक्रेटरींना. त्या दोघांनी आपसांत काय वाटून घ्यायचं ते त्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावरून ठरेल. करारासोबत सामानाची यादी असते. मशीन त्या यादीत असेल तर जुना पाइप आणि नळ मालकाच्या खात्यात, रोजचा वापर आणि उघडा नळ भाडेकरूंच्या. त्यांच्यात निम्मं-निम्मं झालं तर ते बरंच न्याय्य ठरेल, आणि अनामत रकमेतून वळतं करता येईल. पण "आधी आमचं ठरू दे, मग तुम्हाला देतो" हे ऐकून सहा महिने थांबू नका. तुमच्या घराचं नुकसान एकच आहे, आणि ते कोणत्या खिशातून येतं हा त्यांचा प्रश्न आहे.

मेकॅनिकचा हिशेबही वरच्यांनीच करायचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीची तक्रार ज्याने सेवा घेतली तो ग्राहक करतो; तुम्ही त्या मेकॅनिकच्या ग्राहक नाही. वरच्यांकडे त्या भेटीचं जॉब कार्ड, बिल किंवा मोबाइलवरचा संदेश असेल तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत त्यांना जिल्हा आयोगाकडे जाता येतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून बघावी. हे तुम्ही त्यांना सांगितलंत तर संबंध सुधारतील, कारण त्यांच्या खिशातून गेलेले पैसे परत मिळवायची वाट तुम्ही दाखवत आहात.

सेक्रेटरींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमावलीनुसार, सोसायटीच्या खर्चाने होणारी कामं म्हणजे बाहेरच्या सामायिक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी, टाक्या, गच्ची, बाहेरच्या भिंती, छताची संरचनात्मक दुरुस्ती. एका घरातल्या मशीनच्या पाइपचं पाणी त्यात बसत नाही, आणि त्याची भरपाई वरच्या सभासदाच्या मेंटेनन्स बिलात घालायचा अधिकारही कमिटीला नाही. तसा आग्रह धरू नका. रागाने स्वतःचा मेंटेनन्स तर मुळीच थांबवू नका. तुमच्यावर व्याज चढेल, थकबाकीदार म्हणून नाव लागेल आणि तुमची तक्रार मागे पडेल.

पण "संबंध नाही" हे चूक. सभासदाच्या घराची पाहणी करणं आणि दुरुस्ती करायला सांगणं हे कमिटीचं काम उपविधींतच आहे. पूर्वसूचना दिल्यावर घर दाखवणं सभासदाला बंधनकारक आहे. क्रमांक आवृत्तीप्रमाणे बदलतात, म्हणून तुमच्या सोसायटीच्या पुस्तिकेत घरांच्या तपासणीबद्दलचा आणि दुरुस्तीच्या खर्चाबद्दलचा असे दोन मथळे शोधा. (तुमची इमारत सहकारी सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालची अपार्टमेंट असेल, तर घोषणापत्राला जोडलेले उपविधी पाहावे लागतील.) सोसायटीकडे मागायचं ते एवढंच: दोन्ही घरांची एकत्र पाहणी, त्याचं अर्ध्या पानाचं टिपण, त्यावर दोन कमिटी सदस्यांच्या आणि दोन्ही घरांच्या सह्या. टिपणात "चूक कोणाची" लिहायला लावू नका, त्यावर कुणी सही करणार नाही. पाणी कुठून सुटलं, कधी बंद केलं, ट्रॅपची स्थिती काय होती आणि तुमच्याकडे कुठे कुठे पाणी आलं, एवढ्या चार गोष्टी पुरे.

आणि एक मुद्दा कमिटीपुढे जरूर मांडा. नेमका कॉक शोधायला दोन तास लागले. गच्चीवर प्रत्येक उतरत्या लाइनीच्या कॉकला फ्लॅट क्रमांकाची पत्र्याची चिठ्ठी तारेने बांधणं हे प्लंबरचं एका दुपारचं काम आहे. ती असती तर तुमच्या घरात आलेलं पाणी बरंच कमी झालं असतं. यावरून सोसायटीकडून भरपाई मिळवणं कठीण आहे, तो मार्ग धरू नका, पण पुढच्या माणसासाठी हे काम आता होऊन जायला हवं.

आता ती बेडरूमची भिंत. ताई, तुम्ही ती ओल पत्रात प्रामाणिकपणे सांगितलीत, तशीच मागणीच्या पत्रातही सांगा आणि मागणीतून ती बाहेर काढा. मशीनच्या पाण्याने भिजलेली जागा नळ बंद झाल्यापासून हळूहळू सुकत जायला हवी. नऊ दिवसांनीही डाग वाढत असेल तर तिथे दुसरं पाणी येत आहे, बहुधा वरच्या बाथरूममधून. पेन्सिलीने डागाच्या कडेने रेघ मारा, तारीख लिहा, चार दिवसांनी पुन्हा बघा. रेघेबाहेर गेला असेल तर वरच्या बाथरूमची चाचणी करा. आधी एक दिवस बाथरूम वापरायचं पण फरशी कोरडी ठेवायची. डाग तरीही वाढला तर पाण्याच्या लाइनीत दोष. नाही वाढला तर ट्रॅपच्या तोंडात कापड कोंबून फरशीवर इंचभर पाणी चोवीस तास साठवायचं आणि त्यात खाण्याचा रंग टाकायचा. खाली रंगीत ओल आली तर फरशीचे सांधे किंवा वॉटरप्रूफिंग गेलं आहे. साठवलेल्या पाण्याने काही झालं नाही आणि ट्रॅप सोडल्यावर ओल आली, तर दोष ट्रॅप किंवा त्याच्या जोडात. हे दुखणं वेगळं, त्याचा खर्च वेगळा, आणि वाटून घ्यायची भाषा लागू झालीच तर ती इथे होईल.

याच भिंतीमुळे कपाटाचाही निवाडा बदलतो. कपाट त्या भिंतीला लागून आहे का? असेल तर ते पुढे ओढा. वरचा फळा फुगला असेल, पाणी वरून ओघळल्याच्या रेघा असतील तर ते शनिवारचं पाणी. पाठीच्या फळीवर काळी बुरशी, खालच्या कडेला भुसा सुटलेला, असं असेल तर ते वर्षभराच्या ओलीचं काम आहे. बुरशीचा असा जाड थर एका आठवड्यात तयार होत नाही. दोन्ही दिसत असतील तर दोन्हीचे फोटो काढा. कपाट पार्टिकल बोर्डचं असेल तर फुगलेला भाग परत पूर्ववत होत नाही. प्लायवूडचं असेल आणि थर सुटले नसतील तर दारं काढून, पंख्याखाली दोन आठवडे सुकवून वाचू शकतं. तोपर्यंत नव्याची ऑर्डर देऊ नका, आणि जुनं फेकूही नका.

पैशांआधी विजेची एक गोष्ट. पंख्याच्या पॉइंटमधून पाणी आलं, म्हणजे ते स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपमधून धावलं. वरची ड्राय बाल्कनी तुमच्या हॉलवर नसताना पाणी हॉलमध्ये आलं त्याची ही एक वाट. तो पंखा आणि त्या सर्किटचे दिवे अजून सुरू असतील तर एमसीबी आत्ता खाली करा. वायरमनला ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरींचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, प्रत्येक सर्किट तपासायला सांगा. एक मेगओहमपेक्षा कमी वाचन आलं तर सर्किट सुरू करायचं नाही, सुकू द्यायचं आणि पुन्हा मोजायचं. त्याने वाचनं कागदावर लिहून सही करून द्यावीत. ६,००० रुपयांत हा कागद आलाच पाहिजे. नुसतं "बघितलं, ठीक आहे" म्हणून पैसे देऊ नका.

फॉल्स सीलिंगच्या फुगलेल्या भागात अजून पाणी अडकलं असेल तर खाली बादली ठेवून, बाजूला उभं राहून, स्क्रू ड्रायव्हरने एक छिद्र पाडा. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन आणि ओला जिप्सम ते फार दिवस पेलत नाही. बोर्ड खाली लोंबला असेल तर तो काढावाच लागतो. नुसता डाग असेल आणि बोटाने दाबल्यावर कडक लागत असेल तर सुकवून राहू शकतो. काढलेला भाग उघडाच ठेवा, वरच्या स्लॅबला हवा लागू द्या.

रंगाची घाई करू नका. कंत्राटदार "पुटी मारून देतो, काही होत नाही" म्हणेल. ओल्या स्लॅबवर पुटी आणि प्लास्टिक रंग चढवला की आतली ओल बाहेर येताना क्षार घेऊन येते, लोणा धरतो, पोपडे सुटतात आणि दोन महिन्यांत तेच काम पुन्हा. मग वरच्यांकडे दुसऱ्यांदा पैसे मागायला तोंड राहत नाही. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा पारदर्शक कागद छताला चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि एक पूर्ण दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं किंवा प्लास्टर गडद दिसलं तर अजून सुकलेलं नाही. उन्हाळ्यात तीन-चार आठवडे, पावसाळ्यात त्याहून जास्त धरा.

आता तुमच्या अंदाजाकडे येऊ. रंग: भिजलं हॉल आणि स्वयंपाकघर, रंगवायचं पूर्ण घर, हे पटणारं नाही. पण फक्त डागापुरता ठिपका रंगवणं वरचे सुचवतील, तेही मान्य करू नका. तीन वर्षांच्या रंगाला नवा रंग जुळत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, म्हणजे त्या खोलीचं पूर्ण छत आणि भिजलेली पूर्ण भिंत, हे माप रास्त आहे. त्याच रंगाऱ्याकडून चौरस फुटांत मोजून लेखी घ्या. समजा ते निम्म्यावर आलं, तर ३१,०००. फॉल्स सीलिंगचे २८,००० ठेवा, फक्त अंदाजात काढायचं क्षेत्रफळ लिहून घ्या. वायरिंग आणि सफाई पूर्ण. कपाटात मात्र घसारा धरावाच लागेल. नऊ वर्षं वापरलेल्या कपाटाच्या जागी नव्याकोऱ्याचे पूर्ण पैसे मागणं टिकत नाही. कपाटाचं आयुष्य पंधरा वर्षं धरलं तर सहा उरली, म्हणजे ४२,००० चे पंधरातले सहा हिस्से, १६,८००. हा कायद्याने ठरवलेला तक्ता नव्हे, बोलणीत समोरच्याला पटेल असा हिशेब आहे. आणि पाठीची फळी जुन्या ओलीने गेलेली निघाली तर तो आणखी खाली आणा. सगळं मिळून ८९,८०० होतात. यातला प्रत्येक रुपया तुम्ही कागद दाखवून मागू शकता.

पत्र पाठवण्याआधी स्वतःचा गृहविमा तपासा. गृहकर्ज घेताना अनेकदा बँकेने घराची पॉलिसी उतरवलेली असते आणि घरमालकाला तिचा विसर पडलेला असतो. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटून किंवा भरून वाहिल्याने झालेलं नुकसान समाविष्ट आहे. हळूहळू झिरपणारी ओल नाही, त्यामुळे बेडरूमची भिंत तिथेही बाहेर. पॉलिसी असेल तर आजच कळवा, उशीर आधीच झाला आहे. आणि एक सावधगिरी: विमा कंपनी तुम्हाला पैसे दिल्यावर तेच पैसे वरच्यांकडून वसूल करण्याचा हक्क तिच्याकडे जातो. तो हक्क तुम्ही आधीच "आता काही मागणं नाही" असं लिहून देऊन संपवलात, तर कंपनी तुमचा दावा नाकारू शकते. एकाच नुकसानीचे पैसे दोघांकडून घेता येत नाहीत, हे तर आलंच.

मालकांना पत्र साधं आणि छोटं असू द्या. असं काहीतरी:

"अमुक तारखेला पहाटे आपल्या फ्लॅटमधल्या वॉशिंग मशीनचा पाइप नळावरून निसटून आमच्या हॉल, स्वयंपाकघर व बेडरूममध्ये पाणी आलं. सोसायटीचं पाहणी टिपण, फोटो व कामांचे अंदाज सोबत जोडले आहेत. एकूण खर्च ८९,८०० रुपये. बाथरूमकडील भिंतीची जुनी ओल यात धरलेली नाही. तिच्या तपासणीसाठी स्वतंत्र वेळ द्यावी. आपण इच्छा असल्यास आपल्या माहितीतल्या कंत्राटदाराकडून येत्या सात दिवसांत पाहणी करून घ्यावी. पंधरा दिवसांत रक्कम किंवा आपला प्रस्ताव कळवावा. आपल्याला व भाडेकरूंना आपसांतील वाटणी करता यावी म्हणून हे पत्र दोघांनाही देत आहोत."

त्यांच्या कंत्राटदाराला घर दाखवण्याची तयारी पत्रात असणं फार महत्त्वाचं. नंतर "आम्हाला न विचारता आकडा ठरवला" असं म्हणायला जागा उरत नाही. हे पत्र स्पीड पोस्टने आणि ईमेलने, दोन्हींनी पाठवा; फक्त सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. चारशे लोकांसमोर मागितलेले पैसे माणूस चिडून नाकारतो.

तडजोड झाली तर ती एका कागदावर लिहा: रक्कम, तारीख, बँकेतून भरणा. "संपूर्ण व अंतिम" हे शब्द येतील तिथे थांबा. छताचं प्लास्टर आणि वायरिंगमधला दोष दोन महिन्यांनी वर येऊ शकतो. "या दोन बाबी साठ दिवस खुल्या राहतील" अशी एक ओळ घाला.

उत्तर आलंच नाही तर लगेच दावा लावायची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज देता येतो, ठाण्यातही ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. लोक अदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी लागत नाही, आणि तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, त्यावर अपील नसतं. नव्वद हजारांच्या वादाला ही वाट सर्वांत योग्य. त्यापुढे जायचं तर आदर्श उपविधींत अंतर्गत दुरुस्ती आणि गळतीचे सभासदांमधले वाद सहकार न्यायालयाकडे दाखवले आहेत, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली. मागणी मुख्यतः भाडेकरूंकडून पैशांची असेल तर दिवाणी न्यायालय. कोणतं दार ठोठवायचं हे कागद बघून वकिलाला ठरवू द्या. सहकार खात्याचं उपनिबंधक कार्यालय तुम्हाला नुकसानभरपाई मिळवून देणार नाही. कमिटी पाहणीचं टिपणच देत नसेल तर मात्र तिथे तक्रार करता येईल.

आणि वर जाल तेव्हा पत्रासोबत एक विनंतीही न्या. तो अडॅप्टर पुन्हा बसवू देऊ नका. गोल तोंडाचा नळ काढून पाऊण इंची आट्यांचा वॉशिंग मशीनचा नळ बसवायचा, नळ भिंतीत बसतो त्या आट्यांवर टेफ्लॉन टेप, पण पाइपच्या चकतीत फक्त नवा रबरी वायसर. तिथलं पाणी वायसर अडवतो, टेप नाही. चकती हाताने पूर्ण आवळून वर पाव फेरा, पान्याने जोर लावला तर प्लास्टिकची चकती तडकते. पाइपला मशीनमागे हातभर ढील, दर पाच वर्षांनी नवा पाइप, जाळीवरचे धागे दर आठवड्याला काढायचे, आणि ते पुन्हा गावाला निघतील तेव्हा नळ बंद केल्याचा एक मेसेज तुम्हाला करायला सांगा.